काटा आधी येतो

मंडळी, मी पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. नववीच्या वर्गात एक प्रयोग मी दरवर्षी करायचो, आणि तो अभ्यासक्रमात कुठेही नव्हता. मुलांना बाह्या वर करायला सांगायचो, दोघांत एक भिंग द्यायचो आणि फळ्यावर नखं ओढायचो. कर्रर्र! (बघा, तुमच्यातल्या दोघातिघांनी आत्ताच खांदे आखडले.) एका वर्षी दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सर, तुम्ही नखं लावायच्या आधीच आला.’ मी म्हटलं, काय आला? ‘काटा. तुम्ही हात वर केलात तेव्हाच.’

पुस्तकातलं मला ठाऊक होतं. केसाच्या मुळाशी एक तिरका, चिमुकला स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो आणि भोवतालची कातडी उचलली जाते. हुकूम अनुकंपी चेतासंस्थेचा, तो आपल्याला विचारून सुटत नाही. तळहातावर केसच नाहीत, म्हणून तिथे काटाही नाही. कुत्रं समोर आलं की मांजर फुगून दुप्पट दिसतं, थंडीत जनावराच्या उभ्या केसांत ऊबदार हवा अडकून राहते, ती हीच यंत्रणा. आपली लव उरली नावापुरती, पण स्नायूंनी नोकरी सोडलेली नाही. २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की हीच चेता केसाच्या मूळपेशींनाही जाऊन भिडते, आणि थंडी लांबली तर नवा केस उगवायला लावते. म्हणजे अगदीच बिनकामाची नोकरी नाही.

शब्दाची मात्र मला मजा वाटते. इंग्रज आणि जर्मन माणसाला अशा वेळी पिसं उपटलेला हंस आठवतो, फ्रेंचांना कोंबडी. आपण काटा म्हणतो, आणि वर तो ‘फुलतो’ म्हणतो. भरताच्या नाट्यशास्त्रात रोमांच आठ सात्त्विक भावांत बसलाय, घाम, कंप आणि अश्रूंच्या पंगतीला. नटाला हात-पाय, भुवया हलवता येतात, पण काटा मनाशिवाय कसा आणणार, असा तो हिशोब.

त्या मुलीचं वाक्य मला पुन्हा आठवलं ते पुरंदावड्याच्या रिंगणात. माउलींच्या सोहळ्यातलं हे पहिलं गोल रिंगण. पताकावाले धावून झाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया झाल्या, विणेकरी झाले. आता अश्व सुटायचे. एवढ्या गर्दीचा गलका अचानक बसला. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई उभी होती, हातभर हिरव्या बांगड्या. तिनं दंड माझ्यापुढे धरला. ‘बघा की काटा! आन् अजून घोडं सुटलं न्हाई.’ सुरकुतलेली, उन्हानं रापलेली कातडी, तिच्यावर दाणा न् दाणा उठलेला. मग स्वाराचा घोडा गेला, मागून माउलींचा मोकळा अश्व आला. ते मी पाहिलं का? खरं सांगायचं तर डोळ्यांत धूळ गेली. बाई टापांखालची माती कपाळाला लावायला वाकली होती आणि तिचा दंड एव्हाना साफ होता.

मॉन्ट्रियलमध्ये २०११ साली लोकांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवून मेंदूचं चित्रण केलं. शहारा येतो तेव्हा डोपामाइन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन, सुटतं हे दिसलंच, पण ती आवडती जागा येण्याआधी, वाट पाहतानाही ते सुटत होतं, मेंदूच्या जरा वेगळ्या भागात. आपण समेवर दाद देतो. अंग तिहाई, म्हणजे समेवर येण्याआधी तीनदा वाजणारा तुकडा, सुरू झाली तेव्हाच उठून बसलेलं असतं.

आता गीता उघडा. पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, ‘वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते’. हे कधी? शंख फुंकून झालेत, पण लढाईला अजून तोंड लागलेलं नाही. अकराव्यात विश्वरूप समोर असताना तो ‘हृष्टरोमा’ होतो. हा श्लोक माझ्या म्हणण्याच्या आड येतो, मान्य. विश्वरूपापुढे माझा नियम चालत नसेल तर माझी हरकत नाही. पण मला ओढ आहे ती संजयाची. तो लढत नाही, त्याला काही जिंकायचं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तो त्या संवादाला ‘रोमहर्षण’ म्हणतो, आणि पुढे म्हणतो, ‘संस्मृत्य संस्मृत्य’, आठवून आठवून पुन्हा पुन्हा हर्ष होतो. पुराणं सांगणाऱ्या सूताचं नावच लोमहर्षण. ऐकणाऱ्याचे केस उभे करणं हाच त्याचा धंदा.

आता मी ती म्हातारी सांगत होतो तेव्हा माझ्याही हातावर आला होता, पहिल्या रांगेतल्यांनी पाहिला असेल. तिथे प्रत्यक्ष उभा होतो तेव्हा आला होता की नाही, शपथेवर सांगता येणार नाही.

कुणीतरी तो वरचा पंखा जरा कमी करा. या बाईंनी पदर लपेटून घेतलाय, त्यांना थंडीचा काटा यायचा आणि तो माझ्या नावावर जमा व्हायचा. हं, विचारा प्रश्न.