कूस

[रात्र. लांबट खोली, सहा खाटा. पंख्याची कुरकुर.]

फोंडा तालुक्यातला एक वृद्धाश्रम. बाहेर आषाढाचा पाऊस, माडांच्या झावळ्यांची सळसळ. दोन वाजायला आले आहेत. दिवसा आलो तेव्हा आम्हाला बाग दाखवली, देवघर दाखवलं, टीव्हीची खोली दाखवली. नातेवाईकही तेवढंच बघून जातात. म्हणून आम्ही म्हटलं, एक रात्र राहू द्या.

[टाच. पोटरीखाली घडी घातलेली उशी.]

ही एका आजींची टाच. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची निगा कशी राखली जाते, ते बागेत नाही, इथे दिसतं. टाच, माकडहाड, खुबा. शरीराचा भार तासन्‌तास एकाच जागी राहिला की तिथे रक्त पोचेनासं होतं. कातडी लाल होते, बोटाने दाबलं तरी लाली जात नाही. सावळ्या रंगावर लाली नीट दिसतही नाही. हात लावून गरम लागतं का, कडक लागतं का, ते बघावं लागतं. बघितलं नाही तर जखम. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची.

हवेची गादी आहे की, असं सकाळी आम्हाला सांगण्यात आलं. आहे. पण गादी असली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. शिवाय तिचा पंप विजेवर चालतो, आणि पावसाळ्यातल्या विजेबद्दल गोंयकारांना आम्ही काय सांगावं!

२०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक देशात ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२. मुलगा बोटीवर, मुलगी परदेशी, घराला कुलूप, ही गोष्ट इथल्या प्रत्येक वाड्यावर आहे. २००७च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून पोटगी मागता येते. पोटगीचे पैसे रात्री दोन वाजता उठून कूस बदलत नाहीत, एवढंच.

[खाटेशेजारी स्टीलचा पेला.]

आता हा पेला बघा. आजींचा हात पोचेल असा ठेवलाय. क्षुल्लक वाटेल, पण उतारवयात तहानच कमी लागते, आणि कित्येक ठिकाणी संध्याकाळनंतर पाणी मुद्दाम कमी देतात. का, तर रात्री डायपर बदलायला नको. मग लघवीचा संसर्ग होतो, म्हातारं माणूस भलतंसलतं बडबडू लागतं, आणि घरचे म्हणतात, वयाने भ्रम झाला.

रात्रपाळीची मुलगी झारखंडची. पहिल्या आठवड्यात आजी कोंकणीत म्हणाल्या, ‘‘उदक जाय,’’ म्हणजे पाणी हवं. तिने ऐकलं ‘जा’, आणि ती बिचारी खोलीबाहेर गेली! तीनदा. चौथ्यांदा आजींनी पेला आपटला. आता ती स्वतःच विचारते, ‘‘आजी, उदक जाय?’’ तिचे उच्चार आजी अजून सुधारतात.

[नोंदवही. रकाने.]

कूस बदलली की त्या वेळेच्या रकान्यात नोंद करायची, त्याची ही वही. आधी दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही अशीच वही पाहिली होती. महिनाभराचे सगळे रकाने भरलेले, एकच पेन, एकच सही, एकही खाडाखोड नाही. बहुतेक एका बैठकीत भरलेली. तेव्हापासून नीटनेटकी वही दिसली की आम्हाला धाकधूक वाटते.

[अंधार. पंखा थांबतो.]

दोन वाजून दहा मिनिटं. वीज गेली. गादी हळूहळू बसू लागते. मुलगी मोबाईलची बॅटरी दातांत धरते, आजींच्या पाठीखाली हात घालते. एकटीने जमत नाही. स्वयंपाकघरात निजलेल्या मावशींना उठवून आणते. दोघी मिळून एकेक खाट करत जातात. आजींपर्यंत परत यायला पाऊण तास.

[पहाट. नोंदवहीचं पान, जवळून.]

दोनच्या रकान्यात काट मारलेली. पुढे तिच्या वेड्यावाकड्या अक्षरांत: ‘‘लाइट नहीं थी. करवट देर से.’’

आजी जाग्या आहेत. पाणी नको म्हणतात. उकड्या तांदळाची पेज झाली का, ते विचारतात.