उन्हाळी, सब्जा आणि मधाची बाटली

नमस्कार मंडळी. एप्रिल आला की आमच्या ओपीडीत उन्हाळी लागलेल्यांची गर्दी सुरू. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं, आत्ता जाऊन आलं तरी परत जावंसं वाटणं. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, त्यानेही जळजळतं, तेवढ्यापुरतं वाळ्याचं पाणी, सब्जा वगैरे ठीक आहे. पण एक-दोन दिवसांत थांबलं नाही तर बहुतेक इन्फेक्शन असतं आणि ते सब्जाने जात नाही. परत सांगतो, सब्जाने जात नाही. बायकांना जास्त होतं कारण मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटीमीटरचा, आतड्यातले ई. कोलाय जंतू पटकन वर पोचतात, त्यात लघवी तुंबवली की त्यांचं फावतंच.

यावरून किस्सा सांगतोच. एसटीत कंडक्टर असलेल्या एक ताई आल्या. सकाळचा चहा सोडला तर ड्युटी संपेपर्यंत घोटभर पाणी नाही, का तर स्टँडवरच्या बाथरूमला जाववत नाही. आता बघा, स्टँडला रंगरंगोटी होते, सेल्फी पॉइंट होतो, बाथरूमची कडी मात्र काही लागत नाही, असो. लघवी तपासली. पस सेल, म्हणजे इन्फेक्शन दाखवणाऱ्या पूपेशी, भरपूर, ते धरूनच चाललो होतो, पण साखर चार प्लस! सोबतच्या सासूबाईंनी तिथेच डोळ्याला पदर लावला, एवढ्या तरण्या पोरीला शुगर म्हणून. मी बोटातून रक्त घेतलं तर साखर 96, म्हणजे नॉर्मल. परत घेतलं, तेवढंच. मग विचारलं, बाटली कुठली आणली? सासूबाई म्हणाल्या, मधाची हो, चांगली विसळून दिलीय! अजूनही भेटल्या की म्हणतात, मध अस्सल होता डॉक्टर, म्हणून आली साखर.

तर बाटली लॅबचीच घ्या, पहिली धार सोडून मधली धरा. आणि सॅम्पल आधी, गोळी नंतर. शेजारणीच्या उरलेल्या दोन गोळ्या खाऊन आलात की कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये लघवीतले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, जंतू उगवत नाहीत, मग आम्ही बसतो अंदाज बांधत. सॅम्पल आधी, गोळी नंतर, आणि कोर्स पुरा करायचा. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त, किंवा बाई गरोदर असेल तर त्याच दिवशी दाखवा. पुरुषांना झालं तर प्रोस्टेट, खडा, लैंगिक संबंधातून आलेलं इन्फेक्शन, सगळंच बघावं लागतं, तेव्हा लाजून मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या घेऊ नका. मूतखड्याचं पुढच्या मंगळवारी बोलू, नमस्कार.