साठ दिवसांचं वचन

[दृश्य : कर्वे रस्ता, रात्र]

सोसायटीच्या फाटकावर, चायनीजच्या गाड्यांवर, हॉटेलांच्या भटारखान्यांत पुण्याला नेपाळची माणसं रोज भेटतात. बरेच जण पश्चिम नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांतले. पोटासाठी इकडे येणं जुनंच. पण १९९६ ते २००६ या काळात गाव सोडायला आणखी एक कारण होतं. यादवी युद्ध. रात्री माओवादी जेवण मागायचे, दिवसा लष्कर त्याचा जाब विचारायचं. १३ हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. सुमारे १३०० बेपत्ता झाली.

[दृश्य : शांतता कराराचं पान]

२१ नोव्हेंबर २००६च्या करारात दोन्ही बाजूंनी लिहून दिलं : मारलेल्या आणि बेपत्ता केलेल्या माणसांची नावं ६० दिवसांत जाहीर करू. बेपत्तांसाठी आयोग नेमला गेला, तो २०१५ साली!

घरच्यांनी दाद मागायची कुठे? सार्क म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटना. तिचं सचिवालय काठमांडूतच आहे. पण सार्कच्या सनदेनं वादग्रस्त विषय चर्चेबाहेर ठेवले आहेत. मानवी हक्कांचं न्यायालय तर सोडाच, तक्रार घेणारा साधा आयोगही तिथे नाही. काही कुटुंबं थेट जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे गेली.

[दृश्य : एल मोसोतेचं स्मारक]

आता मध्य अमेरिकेतलं एल साल्वादोर पाहा. तिथेही यादवी युद्ध पेटलं होतं. डिसेंबर १९८१मध्ये एल मोसोते गावात लष्करानं कत्तल केली. पुढे उत्खननात एकाच इमारतीत किमान १४३ जणांचे अवशेष सापडले. त्यांतली १३१ बारा वर्षांखालची मुलं होती. १९९२ साली युद्ध संपलं आणि १९९३ साली संसदेनं सरसकट माफीचा कायदा केला. देशात न्यायाची वाट बंद झाली. पण अमेरिका खंडातल्या देशांनी मिळून उभारलेलं मानवी हक्क न्यायालय कोस्टा रिकात होतं. २०१२ साली त्यानं बजावलं, या माफीच्या आड तपास अडवता येणार नाही. २०१६ साली एल साल्वादोरच्याच सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला आणि त्यानंतर खालच्या न्यायालयात खटला पुन्हा उघडला गेला.

अशा न्यायालयांच्या हाताशी पोलीस नसतात, हे खरं. दक्षिण सुदानमधल्या युद्धगुन्ह्यांसाठी आफ्रिकी संघानं न्यायालय उभारायचं २०१५ साली ठरलं, ते अजून उभं राहिलेलं नाही. तरीही लिहिलेला निकाल सरकार बदललं म्हणून पुसला जात नाही. पुढच्या वकिलाच्या तो उपयोगी पडतो. आम्हाला हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं.

सार्क नेत्यांची शेवटची शिखर परिषद २०१४ साली काठमांडूत झाली. पुढची भरेल तेव्हा असं न्यायालय उभारता यावं म्हणून सनद बदलण्याचा विषय भारतानंच मांडायला हवा. आणि ही मागणी पुण्याच्या विधी महाविद्यालयांतून, कामगार संघटनांतून आत्तापासूनच दिल्लीला जायला हवी.