रेल्वे कंपनीने आधी जमीन का घेतली? हांक्यूची पूर्ण गोष्ट

नमस्कार मंडळी! जपानच्या ट्रेनवरच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच प्रश्न इतक्यांदा विचारलाय की वेगळा व्हिडिओ करणं भागच होतं. ओसाकात रेल्वे कंपनीचंच डिपार्टमेंट स्टोअर, तिचंच थिएटर, तिचीच हॉटेलं, हे कसं काय? तर आज हांक्यू.

बेसिक पटकन उरकते. कंपनी १९०७ ची, तेव्हाचं नाव मिनोओ-आरिमा इलेक्ट्रिक रेल्वे. गाडी सुरू झाली १० मार्च १९१० ला, ओसाकातल्या उमेदापासून ताकाराझुकापर्यंत, आणि एक फाटा मिनोओला. नावात आरिमा होतं पण ही लाइन आरिमाला काही पोचली नाही. चालवणारा माणूस कोबायाशी इचिझो, आधी मित्सुई बँकेत नोकरीला. झालं.

आता ती कमेंट, जी प्रत्येक व्हिडिओखाली येते: "रेल्वेत भरपूर कमावलं आणि मग तो पैसा बाकी धंद्यात घातला." नाही हो! क्रम उलटा आहे, आणि हा क्रम चुकला की पुढचं काहीच कळत नाही.

१९०७ ला बाजार पडलेला, कंपनीचे ढीगभर शेअर कोणी घ्यायला तयार नाही. लाइन कुठून जाणार तर शेतांतून, गावांतून, शेवटी गरम पाण्याचे झरे. रोज बसणार कोण यात? कोबायाशी त्या नियोजित मार्गावरून चक्क पायी चालत गेला आणि त्याच्या लक्षात आलं की आजूबाजूची जमीन राहायला उत्तम आहे आणि स्वस्तही आहे, कारण अजून रेल्वे आलेली नाही. मग कंपनीने जमीन आधी घेतली, गाडी नंतर धावली. गाडी आल्यावर जमिनीचा भाव वाढतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण ती वाढ दुसऱ्या कोणाकडे न जाता रेल्वेकडेच आली, कारण जमीन तिचीच होती. १९१० मध्येच लाइनवरच्या इकेदाला मुरोमाची वसाहतीतली घरं विकायला काढली, बाग असलेली, दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांवर! तेव्हा ओसाकातला पगारदार माणूस बहुतेक भाड्याने राहायचा, त्याला स्वतःचं घर हप्त्यावर हे केवढं मोठं वाटलं असेल. जाहिरातीच्या पत्रकात तर थेट हाक होती की काळ्या आकाशाखाली, धुराच्या शहरात राहणाऱ्या दुर्दैवी ओसाकाकरांनो!

हेच दुसऱ्या बाजूने बघा. घर विकलं म्हणजे नफा झाला आणि विषय संपला असं नाही, त्या घरातला माणूस उद्यापासून रोज ओसाकाला कामाला जाणार, तिकीट काढून, पुढची कित्येक वर्षं. आमच्या नात्यात एकांनी शहराबाहेर फ्लॅट घेतला, ब्रोशरमध्ये स्टेशन पाच मिनिटांवर, आणि प्रत्यक्षात स्टेशनचा पत्ता नाही, बिल्डर पैसे घेऊन पुढच्या साइटवर. मला राग याचाच येतो. विकणाऱ्याला तुमची पुन्हा कधी गरजच पडणार नसेल तर तो कशाला काळजी करेल? हांक्यूला गरज होती. वसाहत वाईट निघाली तर गाडी रिकामी.

आणि तिसरी बाजू, जी बहुतेक जण विसरतात. सकाळी गाडी ओसाकाकडे भरून जाते, पण परत येताना? दुपारी? रविवारी? गाडी तीच, वीज तीच, मोटरमनचा पगार तोच. म्हणून लाइनच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी हवं. ताकाराझुकाला १९११ मध्ये स्नानगृह काढलं, पुढच्या वर्षी इनडोअर पोहण्याचा तलाव, तो सपशेल फसला, पाणी इतकं थंड की कोणी उतरेना. मग तलावावर फळ्या टाकून प्रेक्षक बसवले, कपडे बदलायच्या जागेचं स्टेज केलं आणि १ एप्रिल १९१४ ला मुलींच्या गाण्यानाचाचा पहिला प्रयोग झाला. तेच आजचं ताकाराझुका रेव्ह्यू, सगळ्या भूमिका बायकाच करतात, पुरुषांच्यासुद्धा, आणि अजून जोरात चालू आहे. १९२९ ला क्वानसेई गाकुइन ही शिक्षणसंस्था हांक्यूच्याच एका लाइनजवळ उएगाहाराला आली, म्हणजे सकाळी उलट्या दिशेलाही विद्यार्थी. आणि त्याच वर्षी उमेदा स्टेशनला हांक्यू डिपार्टमेंट स्टोअर उघडलं, म्हणजे दुपारी खरेदीला येणारी माणसं. तिथेही घाई नाही, १९२० पासून खालचा मजला शिरोकिया या दुकानाला भाड्याने देऊन बघितलं होतं. पुढे तोक्योत जे थिएटर काढलं त्यातून तोहो कंपनी झाली, हो, गॉडझिलावाली तोहो.

सगळंच टिकलं असंही नाही हं. १९३६ ची बेसबॉल टीम ब्रेव्ह्ज १९८८ ला ओरिक्सला विकली, ताकाराझुकाचं फॅमिलीलँड पार्क २००३ ला बंद झालं. आणि २००६ मध्ये तर जुना प्रतिस्पर्धी, हानशिन रेल्वे, याच ग्रुपमध्ये आला.

वाशीच्या एका दादांनी विचारलंय की सिडकोने नवी मुंबईत हेच केलं ना? चांगला प्रश्न. सिडकोने जमीन विकसित केली, रेल्वेच्या खर्चातला ६७ टक्के वाटा उचलला, स्टेशनवर ऑफिसं बांधली, इथवर साम्य आहे. पण तिकिटाचा पैसा जातो भारतीय रेल्वेकडे. जमीन एकाची, गाडी दुसऱ्याची. हांक्यूत दोन्ही एकाच वहीत लिहिलं जायचं, म्हणून तर मी मघापासून ओरडून सांगतेय की जमीन आधी, गाडी नंतर, आणि दोन्ही एकाच घरची!

एक माझी आवडती गोष्ट सांगते. मंदीच्या काळात स्टोअरच्या उपाहारगृहात लोक फक्त साधा भात मागवायचे आणि टेबलावरचा फुकट सॉस त्यावर ओतून खायचे. दुसऱ्याने हाकलून दिलं असतं. कोबायाशीने अशा गिऱ्हाइकांचं स्वागत आहे असं जाहीर करायला लावलं, कारण आज खिसा रिकामा असलेली हीच पोरं उद्या लग्न करून मुलाबाळांना घेऊन इथेच येतील.

पुढचा व्हिडिओ तोक्यूवर, म्हणजे तोक्योतल्या अशाच एका रेल्वे कंपनीवर. ती चालवणाऱ्या गोतो केइताला तिथे आणायची शिफारस याच कोबायाशीची. शिबुया, गार्डन सिटी लाइन, काय काय हवंय ते खाली लिहा, मी सगळं वाचते.