भरताच्या वासानं दुखणारा जबडा

हिवाळ्यातली संध्याकाळ. मळ्यात भरताची वांगी भाजायला घातलीत. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, करपलेल्या सालीचा वास, आणि कळण्याची भाकरी ताटात पडायच्या आधीच तोंडाला सुटलेलं पाणी.

हे पाणी दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर तयार होतं. कानापुढे, जबड्याखाली, जिभेखाली अशा लाळग्रंथींच्या तीन जोड्या त्यासाठी राबतात. पण पंगतीतल्या एखाद्याला नेमकी याच वेळी जबड्याखाली कळ येते. लिंबाएवढी सूज चढते, जेवणानंतर हळूहळू उतरते. कुणी दाढ म्हणतं, कुणी गालगुंड, लेप लागतात. पुष्कळदा तो खडा असतो. मूतखडा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. लाळेतही खडा होतो, हे फार थोड्यांना.

असे दहातले आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीचे. तिची लाळ दाट, आणि नळीतून तिला वर चढावं लागतं. खडा नळीच्या तोंडाशी असेल तर तोंडातूनच निघतो, बाहेर टाका नाही. खोल रुतला आणि पुन्हा पुन्हा पू होऊ लागला, तर मानेच्या घडीत छेद घेऊन ग्रंथीच काढतात. तोंड कोरडं पडेल ही भीती नको, बाकीच्या ग्रंथी असतात.

मला जास्त काळजी वाटते ती कानापुढच्या लाळग्रंथीत होणाऱ्या, कानाखाली हाताला लागणाऱ्या न दुखणाऱ्या गाठीची. ‘दुखत नाही ना, मग राहू दे.’ कापसाची वेचणी, केळीची काढणी, लेकीचं लग्न; गाठ मागेच पडते. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे खरं. पण त्यातलीच नेहमी आढळणारी एक गाठ वर्षानुवर्षं ठेवली तर पुढे बिघडू शकते. झपाट्यानं वाढली, दुखू लागली किंवा चेहरा एका बाजूला ओढला गेला, तर एक दिवसही थांबू नका. जळगावला, धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कान-नाक-घसा विभागात दाखवा. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी आधी होते.

‘तोंड वाकडं होईल का?’ ऑपरेशनचं नाव काढलं की प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न. कारण चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते आणि आतच तिला पाच मुख्य फांद्या फुटतात. म्हणून सर्जन आधी नसेचं खोड शोधतात, मग फांदी-फांदी सोडवत गाठ काढतात, भोवतालच्या निरोगी ग्रंथीसकट. नुसती गाठ खरवडली तर उरलेल्या पेशींतून ती पुन्हा उगवते.

शुद्धीवर आल्यावर सांगतात: डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. ओठ थोडा ढिला वाटला, तरी नस शाबूत असेल तर बहुधा काही आठवड्यांत, महिन्यांत सावरतो. कानाची पाळी बधिर राहू शकते. आणि काहींना पुढे ठेचा-भाकरी खाताना त्या गालावर घाम फुटतो. लाळेच्या तुटलेल्या नसा वाट चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळालेल्या असतात.