कोच गेला, म्हणजे नेमकं काय गेलं?

२०२४ च्या मार्चमध्ये ओहायो स्टेटचा रनिंग बॅक कोच टोनी अल्फर्ड मिशिगनला गेला. इथे कोलंबसमध्ये बसलेल्यांना एवढं वाक्य पुरे आहे, चेहरेच सांगतायत तुमचे. पण आज ऑनलाइन पुण्या-नागपूरकडची पण मंडळी आहेत म्हणून थोडं सोडून सांगतो. फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, अमेरिकन. रनिंग बॅक म्हणजे बॉल घेऊन पळणारा, क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकून खेळ चालवणारा. ओहायो स्टेट आणि मिशिगन ही दोन युनिव्हर्सिटींची नावं कमी आणि दोन घराण्यांच्या वैराची जास्त, आणि हा माणूस ओहायो स्टेटमध्ये नऊ सीझन होता, त्याच्या हाताखाली जे. के. डॉबिन्सने २०१९ च्या सीझनला पळून २००० यार्डांचा आकडा ओलांडला, ओहायो स्टेटच्या इतिहासात पहिल्यांदा. आणि गेला कधी, तर स्प्रिंग प्रॅक्टिस चालू असताना. ऐन लग्नसराईत आचाऱ्याने पळी ठेवावी आणि समोरच्या मांडवात जाऊन कढईसमोर उभं राहावं, तसं.

मला मागे एकांनी विचारलं की अहो एक असिस्टंट गेला, हेड कोच आहे ना जागेवर, मग एवढी बोंबाबोंब कशाला, दुसरा आणतील की. आणतात ना. दरवर्षी आणतात. पण दुसरा आणायचा म्हणजे कशाच्या जागी आणायचा हे ज्याला कळलं त्याचं निभावतं, आणि ज्याने नुसती पदाची पाटी बघून माणूस बसवला त्याचं घोडं तिथेच पेंड खातं. आज मला एवढंच सांगायचंय, पण उदाहरणांशिवाय त्याला काही अर्थ नाही.

आधी रचना बघा. हेड कोच एक, त्याच्या खाली दहा असिस्टंट. २०१८ पर्यंत नऊच असायचे, मग एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, दहावा दिला. त्यात दोन मोठे, ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर आणि डिफेन्सचा. बाकीचे पोझिशन कोच, म्हणजे रनिंग बॅकचा वेगळा, ऑफेन्सिव्ह लाइनचा वेगळा, रिसीव्हरचा वेगळा, प्रत्येकाची आपली रूम, आणि खेळाडूचा दिवसातला सगळ्यात जास्त वेळ जातो तो त्या रूममध्ये, हेड कोचसोबत नाही. पेपरवाले कोऑर्डिनेटरबद्दल रकानेच्या रकाने लिहितात. पोझिशन कोच गेला तर चार ओळी. माझ्या मते हे उलटं आहे, पण ते असो.

आता रनिंग बॅक कोच करतो काय? आपल्याला टीव्हीवर वाटतं बॉल घेऊन पळायला शिकवत असेल. पळणं त्या पोरांना उपजत येतं हो, ते काय शिकवायचंय. तो बॉल धरायला शिकवतो, म्हणजे एक टोक बोटांच्या बेचक्यात, दुसरं काखेजवळ, कोपर बरगडीला घट्ट, आणि गर्दीत शिरलं की दुसरा हात वरून झाकण. आणि त्याहून जास्त शिकवतो ब्लिट्झ अडवायला. क्वार्टरबॅक पास टाकायला मागे सरकतो, समोरून शंभरेक किलोचा लाइनबॅकर सुसाट येतो, आणि त्याच्या आडवं जायचं ते या पोराने. बॉल स्नॅप व्हायच्या, म्हणजे चाल सुरू व्हायच्या, आधी आत कुणीतरी ओरडतो की 'माइक' कोण आहे, माइक म्हणजे मधला लाइनबॅकर, त्यावरून लाइनने कुणाला घ्यायचं आणि बॅकने कुणाला हे ठरतं. बॅकने आतून बाहेर बघत जायचं, आधी मधून येणारा, कारण तो क्वार्टरबॅकपर्यंत सगळ्यात लवकर पोचतो, मग कडेचा. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. पोरगं यात कच्चं असलं तर कितीही वेगवान असो, महत्त्वाच्या थर्ड डाऊनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, ते बाकावरच. हे घोटून घेणारा माणूस मार्चमध्ये उठून गेला, मग लक्षात येतं की काय गेलं ते.

पण ते तरी भरून काढता येतं. दुसरी गोष्ट भरायला जड असते. या पोरांना कॉलेजमध्ये आणतं कोण? हाच. हाच त्यांच्या घरी जातो, आईशी बोलतो, आजीच्या हातचं खातो, दोन-दोन वर्षं मेसेज करतो. सही युनिव्हर्सिटीसाठी असते, पण पोराच्या मनात सही असते ती माणसासाठी. २०१५ चं प्रकरण आठवतंय ना, डेट्रॉइटचा माइक वेबर. घरच्या अंगणातली मिशिगन सोडून ओहायो स्टेटला सही केली, आणि दुसऱ्याच दिवशी बातमी, की रनिंग बॅक कोच स्टॅन ड्रेटन एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, चालला, शिकागो बेअर्सकडे. पोराने ट्विटरवर आपलं दुःख मांडलं, सगळ्या देशात गाजलं ते. सही करून बसलेला, जाणार कुठे? राहिला बिचारा, २०१६ ला हजारावर यार्डही काढले. त्याच सायनिंग डेला, म्हणजे पोरं सह्या करतात त्या दिवशी, जॉर्जियाचा रोक्वान स्मिथ जास्त सावध निघाला, टीव्हीवर यूसीएलए जाहीर केलं आणि मग कळलं की तिथला डिफेन्सचा कोऑर्डिनेटर जेफ अल्ब्रिक अटलांटा फाल्कन्सकडे जातोय, तर पठ्ठ्याने कागद पाठवलाच नाही. हातात धरून ठेवला आणि शेवटी जॉर्जियाला गेला, तेही लेटर ऑफ इंटेंटवर, म्हणजे त्या बांधून टाकणाऱ्या कागदावर, सही न करता. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला जे सुचलं ते भल्याभल्यांना सुचत नाही.

आणि गंमत बघा, ड्रेटनच्या जागी ओहायो स्टेटने नोट्र डेमहून जो आणला तो हा आपला अल्फर्ड. म्हणजे ज्याच्या येण्याने एक जखम भरली त्यानेच नऊ वर्षांनी दुसरी दिली.

तर मग ओहायो स्टेटचा हेड कोच रायन डे, त्याने काय केलं? ओरेगॉनहून कार्लोस लॉकलिनला उचललं. ओरेगॉनची जागा रिकामी, त्यांनी अ‍ॅरिझोना स्टेटचा रशाद सॅम्पल्स उचलला. असं हे खाली खाली जात राहतं, एक खुर्ची सरकली की देशभर पाच-सहा घरांत सामान बांधायला घेतात, बायका-पोरांच्या शाळा बदलतात, त्याबद्दल कुणी लिहित नाही. लॉकलिनच्या रूममध्ये बसले होते ट्रेव्हियन हेंडरसन आणि नुकताच ओल मिसहून आलेला क्विनशॉन जडकिन्स. दोघेही दुसरीकडे पहिल्या नंबरचे होऊ शकले असते. अशा दोघांना एकाच बॉलवर खूश ठेवायचं, आणि ज्या माणसाने त्यांना आणलं तो शत्रूच्या कॅम्पात. लॉकलिनला नवं तंत्र आणायचं नव्हतंच, त्याला रूम सांभाळायची होती, आणि त्याने ती सांभाळली. दोघांनीही त्या सीझनला हजार-हजार यार्ड पार केले. मधे ३० नोव्हेंबरला मिशिगनने इथे येऊन १३-१० ने हरवलं, आपला रन गेम ठप्प झाला, त्यांचा केलेल मलिंग्स शंभर यार्डांच्या वर पळाला आणि त्याचा कोच अल्फर्ड. त्या रात्री या शहरात काय वातावरण होतं ते मी सांगायला नको. पण २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोट्र डेमला ३४-२३ हरवून नॅशनल टायटल घेतलं, त्यात जडकिन्सची ७० यार्डांची धाव.

आता त्याच वर्षीची दुसरी खुर्ची, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची. ही साखळी मला फार आवडते. बोस्टन कॉलेजचा हेड कोच जेफ हॅफ्ली, जो स्वतः २०१९ ला ओहायो स्टेटचा असिस्टंट होता, तो एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. बोस्टन कॉलेजची ती जागा घ्यायला बिल ओब्रायन गेला, ज्याला डेने जानेवारीत नुकताच आणला होता, म्हणजे खुर्ची गरम पण झाली नव्हती. मग डेने आणला चिप केलीला, जो यूसीएलएचा हेड कोच होता! हेड कोच पद सोडून असिस्टंट व्हायला कोण येतं? पण डे न्यू हॅम्पशायरला क्वार्टरबॅक होता तेव्हा केली तिथला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, पुढे एनएफएलच्या ईगल्स आणि ४९र्समध्ये डेने त्याच्या हाताखाली काम केलं. दोघांची भाषा एक. भाषा म्हणजे इंग्लिश नाही हो, प्लेची भाषा. प्रत्येक टीममध्ये एकाच चालीला वेगळं नाव असतं, नंबर वेगळे, कलर वेगळे, ओरडायचे शब्द वेगळे, आणि नवा कोऑर्डिनेटर आला की एक तर त्या एकट्याने जुनी शिकायची नाहीतर शंभरावर पोरांनी नवी शिकायची.

अलाबामाचा तेव्हाचा हेड कोच निक सेबन यात वस्ताद होता. त्याच्याकडचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मोजा, किफिन, सार्कीशियन, डबोल, लॉक्सली, पुन्हा सार्कीशियन, मग हाच ओब्रायन. धर्मशाळाच. पण नवीन येणाऱ्याने अलाबामाची भाषा शिकायची. २०२१ ला ओब्रायन आला तेव्हा त्याला प्लेबुक समजावून द्यायला बसला मॅक जोन्स, म्हणजे टायटल जिंकून एनएफएलच्या ड्राफ्टची, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्याची, तयारी करणारा क्वार्टरबॅक. मास्तरला विद्यार्थी शिकवतोय. यात कुणाला कमीपणा वाटला नाही हे विशेष. अर्थात सेबनचंही प्रत्येक वेळी जमलं असं नाही, जानेवारी २०१७ ला फायनलच्या आठवडाभर आधी किफिनला नारळ दिला आणि अ‍ॅनालिस्ट, म्हणजे पडद्यामागचा अभ्यासक, असलेल्या सार्कीशियनच्या हातात प्ले ठरवायचं काम दिलं, क्लेमसनने ३५-३१ हरवलं, शेवटचा टचडाऊन घड्याळात एक सेकंद असताना. त्या हारीचं खापर बदलावर फोडायचं की क्लेमसनच्या डेशॉन वॉटसनला श्रेय द्यायचं, मी दुसऱ्या पक्षाचा.

आता फसलेलं उदाहरण. २०१९ चं एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी. १५-०, क्वार्टरबॅक जो बरोचे ६० टचडाऊन पास, उत्तम खेळाडूचं हाइझमन अवॉर्ड, टायटल. लगेच जानेवारीत ऑफेन्सचा जो ब्रेडी कॅरोलिना पँथर्सकडे आणि डिफेन्सचा डेव्ह अरांडा बेलरचा हेड कोच. हेड कोच ओर्जेरॉनने काय केलं, अरांडाच्या जागी बो पेलिनीला बोलावलं. नाव मोठं, आधी २००५ ते २००७ एलएसयूलाच होता, नेब्रास्काचा हेड कोच राहिलेला. कागदावर उत्तम. पण पेलिनीने आल्या आल्या डिफेन्सचा साचाच बदलला, आणि ते वर्ष कोव्हिडचं, स्प्रिंग प्रॅक्टिस मार्चमध्येच गुंडाळलेली. म्हणजे नवी भाषा, आणि शिकवायला वर्गच नाही. वर १४ खेळाडू ड्राफ्टमध्ये गेलेले, जा'मार चेसने सीझन खेळायचाच नाही असं ठरवलं, पहिल्याच मॅचला डिफेन्सचा स्टार स्टिंगली आजारी. मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने त्या मॅचमध्ये ६२३ यार्ड फेकले, एसईसी या त्यांच्या लीगचा रेकॉर्ड, आणि एलएसयू ४४-३४ हरलं. सीझन ५-५. पेलिनीला एका वर्षात काढलं आणि काढायची किंमत ४० लाख डॉलर. आता खेळाडू गेले हे खरंच आहे, सगळं पाप कोचच्या माथी मारणं बरोबर नाही. पण खेळाडू नवे, शिकायला वेळ नाही, अशा वर्षी जुनीच सिस्टीम चालवणारा माणूस शोधायला हवा होता की नाही? त्यांनी अरांडाच्या जागी डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आणला. अरांडा करत होता ते काम मात्र तसंच पडून राहिलं.

मग घरातलाच वर चढवावा का? क्लेमसनचा हेड कोच डॅबो स्विनी बरीच वर्षं तेच करायचा. २०१४ च्या शेवटी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर चॅड मॉरिस गेला, टोनी एलियट आणि जेफ स्कॉटला बढती दिली, २०१६ आणि २०१८ ची टायटल आली, सगळे वाहवा करायला लागले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये डिफेन्सचा वेनेबल्स आणि ऑफेन्सचा एलियट दोघेही हेड कोच व्हायला गेले, पुन्हा घरातलेच स्ट्रीटर आणि गुडविन चढवले, आणि एक-एक करून दोघांनाही काढावं लागलं. पद्धत तीच, माणसं तीच नव्हती.

एक मजेशीर गोष्ट. देशातल्या उत्तम असिस्टंटला ब्रॉयल्स अवॉर्ड देतात, १९९६ पासून. आता यादी ऐका. २०१८ लॉक्सली, मेरीलँडला गेला. २०१९ ब्रेडी, गेला. २०२० सार्कीशियन, टेक्ससला. २०२१ मिशिगनचा गॅटिस, मायामीला. २०२२ टीसीयूचा गॅरेट रायली, क्लेमसनला. २०२४ नोट्र डेमचा अल गोल्डन, बेंगल्सला. सगळे अवॉर्डच्या आसपासच्या काही आठवड्यांतच. मध्ये २०२३ चा फिल पार्कर तेवढा आयोवात राहिला, पण तो १९९९ पासून तिथेच आहे, त्याला हलवायला क्रेन लागेल. म्हणजे असिस्टंटला अवॉर्ड मिळालं की हार घालतानाच दुसऱ्या हाताने फोन लावायला घ्यावेत.

आणि जो जातो त्याचं चांगलंच होतं असंही नाही. टायटल जिंकून आठवडा झाला नाही तोवर आपला डिफेन्सचा कोऑर्डिनेटर जिम नोल्स पेन स्टेटला गेला, वर्षाला सुमारे ३१ लाख डॉलर असं छापून आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला आणणाऱ्या जेम्स फ्रँकलिनलाच पेन स्टेटने काढलं. हेड कोच गेला की असिस्टंटचा तंबू आपोआप उपटला जातो. चिप केली पण एनएफएलच्या रेडर्सकडे गेला होता, म्हणजे डेला एकाच महिन्यात दोन्ही कोऑर्डिनेटर शोधायचे होते. ऑफेन्सला घरचा ब्रायन हार्टलाइन चढवला कारण तिथे रिसीव्हर त्याच्यावर जीव टाकायचे, तो बाहेर जाऊन चाललं नसतं. डिफेन्सला मात्र बाहेरचा मॅट पॅट्रिशिया आणला, शिक्षणाने एरोनॉटिकल इंजिनिअर, डेट्रॉइट लायन्सचा हेड कोच म्हणून आपटलेला. दोन खुर्च्या, दोन वेगळे हिशोब. मला हे पटतं.

जून २०२४ पासून नियम सैल झालाय, आता अ‍ॅनालिस्ट पण मैदानावर उतरून शिकवू शकतात. त्यामुळे शिकवणारा माणूस आता घरातच तयार ठेवता येतो, कुणी मार्चमध्ये उठून गेला तरी दुसऱ्या दिवशी ब्लिट्झची प्रॅक्टिस थांबत नाही. पण बाहेर पोरांच्या घरी जाऊन बसायची मुभा अजून हेड कोच धरून अकरा जणांनाच आहे, म्हणून त्या दहा जागांसाठीची ओढाताण काही कमी झालेली नाही.