डासाचा पत्ता

(दृश्य: नाशिकच्या सिडकोतली गल्ली, सकाळ. जिन्याखाली निळा प्लॅस्टिकचा पिंप.)

आशाताई झाकण उचलून टॉर्चचा झोत पाण्यात सोडतात. आधी काहीच दिसत नाही. मग पाण्याच्या वरच्या थराला डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या वळवळत तळाकडे पळतात.

एडिस इजिप्ती. डेंग्यूचा डास. याला गटार लागत नाही, घरात भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी पुरतं. मादी अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या काठाशी चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती सुकी राहून महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून पिंप नुसता रिकामा करून भागत नाही, घासावा लागतो.

ताई वहीत लिहितात: तारीख, घर, किती भांडी पाहिली, किती भांड्यांत अळ्या सापडल्या.

(दृश्य: प्रयोगशाळा, रक्ताच्या नळ्या.)

रुग्णांची नोंद मात्र दुसऱ्या वहीत. पावसाचे आकडे तिसरीकडेच. या तिन्ही वह्या शेजारी ठेवून त्यांतून उपयोगाची खूण शोधायची, हेच डेटा मायनिंग. संगणक प्रत्येक रुग्णाचा ठिपका नकाशावर मांडतो आणि जागेनं व तारखेनं जवळ असलेले ठिपके एकत्र बांधतो. हा डास सहसा दोन-चारशे मीटरच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे एका गल्लीत पंधरा दिवसांत चार ठिपके पडले, तर डास तिथेच वाढतोय अशी दाट शंका घ्यायला हवी.

आणि इथे दिवस मोजावे लागतात. रुग्णाला चावलेल्या डासात विषाणू वाढायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. तो डास पुढच्या माणसाला चावला, की ताप यायला आणखी 4 ते 10 दिवस. म्हणजे तापाच्या पहिल्या आणि दुसऱ्या लाटेत दोन-तीन आठवड्यांची सवड असते. अहवाल टेबलावर पडून राहिला, तर ती सवड तिथेच संपते. मग उरते धूर फवारणी; तिनं उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात.

पण नकाशा खरा हवा. 'मारुती मंदिरामागे, सिडको' एवढ्या पत्त्यावर ठिपका कुठे टाकणार? त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. हा डास दिवसा चावतो, उजाडल्यावर आणि संध्याकाळच्या आधी जास्त. वहीत पत्ता असतो रात्री झोपण्याच्या घराचा. डास कारखान्याच्या आवारातल्या जुन्या टायरमध्ये असेल आणि पथक घरोघरी पिंप उपसत बसेल. गूगलनं 2008 मध्ये लोक काय शोधतात त्यावरून फ्लूचा अंदाज सांगायला सुरुवात केली. 2012-13 च्या हंगामात तो प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त निघाला. आकडे ढीगभर असले तरी ते कुठून आले हे पाहावंच लागतं. आमच्या मते नाशिकला नव्या यंत्राआधी रुग्णाला विचारलेला एक नीट प्रश्न हवा आहे.

(दृश्य: पुढचं घर. उंबऱ्यात शाल पांघरलेली बाई.)

"मावशी, ताप कधीपासून?"

"परवापासून, ताई."

"दिवसभर कुठे असता?"

"अंबडला, कंपनीत. सकाळी सातची पाळी असते."

वहीत याला रकाना नाही. ताई पान आडवं करतात आणि समासात लिहितात: अंबड, सकाळी सात.